ती गेलीच कवा

१

कांताबाई रामटेके यांच्या घरचा कूलर दिवसातून दोनदा भरावा लागे. सकाळची बुद्धवंदना झाली की एकदा, आणि दुपारची जेवणं आटोपली की एकदा. मागच्या अंगणातल्या नळाला हिरवा पाइप लावायचा, त्याचं दुसरं टोक कूलरच्या टाकीत सोडायचं आणि तिथंच उभं राहून कान द्यायचा. रिकाम्या टाकीत पाणी पडताना आवाज जाड असतो. टाकी भरत येते तसा तो चढत जातो, बारीक होत जातो. पुरता बारीक झाला की नळ बंद करायचा. टाकीत डोकावायची गरज नसते. नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या त्या ले-आउटच्या वस्तीत घरोघरच्या बायकांना आपापल्या कूलरचा तो शेवटचा सूर पाठ होता.

कांताबाईंच्या लेकीला, नंदिनीलाही होता. तीस वर्षं पुण्यात काढूनही तो कानातून गेला नव्हता.

आईला जाऊन चार दिवस झाले होते. भेटायला येणारी माणसं येऊन गेली होती. नवरा मुलीसाठी पुण्याला परतला होता. मुलीची, वेदिकाची, परीक्षा चालू असल्यामुळे ती येऊच शकली नव्हती. रविवारी जलदान विधी व्हायचा होता. तोवर घरात नंदिनी एकटीच होती.

पाचव्या दिवशी दुपारी ती आईच्या पलंगावर आडवी झाली. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जाड पडद्यांमुळे खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. ह्याच खोलीत, ह्याच पलंगावर, दुपारी दीडच्या सुमाराला आई गेली होती. तसं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्या दिवशी सकाळी अकराला तिचा फोन आला होता. "येतं काय वं नंदा?" नंदिनीसमोर शाळेच्या निकालाचे तक्ते पसरलेले होते. ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येते गं, आई." आई म्हणाली, "ये मंग सवडीनं."

एवढंच. मग अडीच तास. त्या अडीच तासांत शेजारच्या शोभाताई लग्नाला रामटेकला गेलेल्या होत्या आणि आई घरात एकटी होती. नंदिनीला दुसरं काही नको होतं. घर नको, घरातली भांडी नकोत. आईला शेवटी कुणी पाणी दिलं का, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि सांगणारं कुणी नव्हतं.

कूलर घरघरत होता. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून गार वारा येत होता.

ओल्या. नंदिनी उठून बसली.

चार दिवसांत तिनं कूलर एकदाही भरला नव्हता. ते लक्षातच आलं नव्हतं तिच्या. ती बाहेर गेली. टाकी काठोकाठ भरलेली होती. हिरवा पाइप गुंडाळून, टोक आतल्या वेटोळ्यात खोचून, आई ठेवायची तसाच ठेवलेला होता. आणि नळाखालची माती ओली होती. त्या उन्हात सांडलेलं पाणी पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही.

२

"शोभाताई, कूलर तुम्ही नका भरत जाऊ. मी भरेन."

शोभाताई कंपाउंडच्या भिंतीपलीकडे सुपात गहू निवडत बसल्या होत्या. ऊन उतरलं होतं. "मी? अवं, मले माह्या घरचा भरता भरता जीव जाते. तूच तं दुपारी भरून राहिली होती. पाण्याचा आवाज आला न मले."

"मी नाही भरला."

"मंग कूलर सोताच प्याला काय पाणी?" शोभाताई हसल्या. मग नंदिनीचा चेहरा बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. "च्या घेतला काय तू? बस, आणतो."

त्या चहा घेऊन आल्या. भिंतीवरून कप घेताना नंदिनी म्हणाली, "आई फार वर्षं एकटी राहिली इथं. मीच तिला पुण्याला न्यायला हवं होतं."

शोभाताईंनी सूप परत मांडीवर घेतलं. "एकटी कोठी राहिली वं," त्या म्हणाल्या. "तू राहे न."

"मी वर्षातून एकदा यायची, चार दिवस."

"थे ठावं हाये मले. मी का येडी हाव?" शोभाताईंनी आवाज खाली आणला. "पर रोज दोन वेळा वंदना होये न तुमच्या घरी. सकाळी, आन् दिवे लागाच्या वक्ताले. तुही माय एक ओळ म्हणे, मंग तू म्हणे. माय पुरी म्हणतच नसे, का तू सुरू. लहानपणीची तुही खोड. तुहा बाप वरडे तुह्यावर, 'गाडी सुटून राहिली काय तुही?' म्हणून. आठवते काय?"

नंदिनीला आठवत होतं. हातातला कप तिनं भिंतीवर ठेवला.

"एकडाव म्या इचारलं कांताबाईले. म्हटलं, नंदा आली काय वं पुण्याहून? तं म्हणे, 'ती गेलीच कवा?' कुकरची शिट्टी झाली म्हणून सांगावं न, तसं म्हणे. मंग म्या इचारणं सोडलं."

३

नंदिनी विज्ञान शिकवायची. आवाज भिंतीवरून परततो, गरम हवेच्या थरांतून वाकतो, हे तिनं तीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं होतं. रात्रीची भाकरी करता करता तिनं सगळं नीट मांडून पाहिलं. शोभाताई साठीच्या. कान किती शाबूत असतील? टेपवर वंदना लावता येते, आईनं लावली असेल. कूलर मिनल भरत असेल. मिनल ही शोभाताईंची सून, भिडस्त पोरगी. केलेलं काम कुणाला सांगायची नाही.

मांडणी ठीक होती. तरी ती बाहेरच्या खोलीत गेली तेव्हा आईच्या चटईशेजारी अंथरलेली दुसरी चटई तिच्या नजरेत भरली. आईची चटई बसून बसून मधोमध झिजली होती. दुसरीही तशीच झिजली होती.

एकोणीसशे पंच्याण्णवमध्ये नंदिनी नोकरीसाठी पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत ती "मले" म्हणाली आणि एका बाईंनी ते दिवसभर, अगदी प्रेमानं, पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. महिन्याभरात "मले" गेलं. मग "काहून" गेलं. लग्न झाल्यावर रामटेके गेलं. नव्या आडनावावरून कुणी काही विचारत नसे, आणि तीही होऊन सांगत नसे. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती. पाहुण्यांना ती शोभेची वाटे, आणि तिनं ते तसं वाटू दिलं. घरातली वंदना नेमकी कधी बंद पडली तेही तिला आठवत नव्हतं. यातलं काही तिनं टाकून दिलं नव्हतं. सगळं नागपूरला आईकडे आहे, असंच ती धरून चालली होती. आपल्या माहेरी काय, वस्तू जिथल्या तिथं असतात.

त्या रात्री तिला प्रथमच वाटलं, की तीस वर्षांत इथं ठेवून दिलेलं सगळं एकत्र केलं तर त्यातून एक आख्खी बाई उभी राहिली असती.

४

शुक्रवारी दुपारी मिनल आली. पदर डोक्यावरून घेऊन, उन्हातून, भिंत ओलांडावी तशी घाईनं. आत आली आणि उभीच राहिली.

"ताई, सासूबाईनं सांगितलं होतं, तुम्हाले सांगू नोको म्हणून. पर मले झोप नाई येऊन राहिली."

"बस, मिनल."

"त्या दिवशी मी घरीच होती. दीड वाजला असन. लेकरं झोपली होती. तुमच्या घरात काहीतरी पडलं. तांब्या पडते न फरशीवर, तसं. मी भिंतीपाशी आली. पाय पोळून राहिले होते. तेथूनच आवाज देल्ला, 'आजी, काही पडलं काय वं?'" तिनं ओठ दाताखाली धरला. "तं आतून आवाज आला. 'काही नाई वं मिनल. मी आहो न.'"

"आईचा."

"नाई ताई. तुमचा."

कूलरचं पाणी ताट्यांवरून झिरपत होतं.

"मले वाटलं, तुम्ही आल्या पुण्याहून. म्हटलं, बरं झालं, पोरगी आली. मी परत गेली अन् झोपली. चार वाजता सासूबाई आल्या तं..." ती रडू लागली. "मी आत आली असती, तं दवाखान्यात तरी नेलं असतं. नाई काय?"

नंदिनीनं तिला जवळ घेतलं. काहीतरी बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. मिनल जाताना दारात वळली. "सासूबाईनं पाहिलं तवा आजीचं डोकं नीट उशीवर होतं. केस इचरले होते. तांब्या उचलून टेबलावर ठेवलेला होता. अन् पेल्यात अर्धं पाणी होतं."

ती गेल्यावर नंदिनी पलंगाच्या कडेवर बसली आणि तिच्या बुद्धीनं तिला हवं ते उत्तर हातात दिलं.

आईला नकला यायच्या. दूधवालीची, बाबांच्या साहेबाची, शाळेतल्या जोशीबाईंची. पोट धरून हसायचे सगळे. नंदिनीची तर ती हुबेहूब करायची. म्हणजे ह्या घरात तीस वर्षं वंदनेच्या दोन्ही ओळी आईनंच म्हटल्या. एक स्वतःची, सावकाश. दुसरी लेकीची, घाईची. चटया आलटून पालटून बसायची ती. छातीत कळ आली, तांब्या पडला, आणि मिनलनं विचारलं तेव्हाही तिनं त्याच सवयीनं लेकीच्या आवाजात सांगितलं, मी आहे ना. मग तांब्या उचलला. केस विंचरले. अर्धा पेला पाणी स्वतःच प्याली आणि आडवी झाली.

यात न पटण्याजोगं काहीच नव्हतं. भूत नव्हतं, भास नव्हता. फक्त आई एकटी मेली होती, आणि तीही लेकीचं सोंग घेऊन. नंदिनीला हुंदका आला तो इतका मोठा, की तो आपल्याच तोंडून आला हे तिला क्षणभर खरं वाटेना.

५

शनिवारी सकाळी ती घराला कुलूप लावून प्रेमानंद गुरुजींकडे गेली. ते वस्तीतले बौद्धाचार्य. विधीची वेळ ठरवून, फुलं आणि मेणबत्त्या घेऊन ती अकराला परतली. मोबाइल घरी चार्जिंगला लावून विसरली होती. त्यावर वेदिकाचे चार कॉल होते.

तिनं फोन लावला. वेदिका खुशीत होती. "आई, कालचा पेपर मस्त गेला. मघाशी सांगणार होते, पण तू घाईत होतीस."

"मघाशी कधी?"

"अगं, तू फोन उचलत नव्हतीस म्हणून आजीच्या नंबरवर केला ना. दहा वाजता. तू म्हणालीस, 'मी कूलर भरून राहिली, मंग करतो.'" वेदिका हसली. "तुला असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं, आई. एवढं गोड वाटलं! माझ्याशीपण बोलत जा ना असं."

नंदिनीनं आईचं कपाट उघडलं. साड्यांच्या घडीखाली ठेवलेला आईचा साधा फोन तिथंच होता. सकाळी दहा वाजून चार मिनिटं. वेदिका. एक मिनिट बारा सेकंद.

तिला घाम फुटला. घर बंद होतं, किल्ली तिच्या पर्समध्ये होती. आणि त्या भीतीच्या खाली, अगदी तळाशी, तिला काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. त्याची तिला लाज वाटली. कारण हे जर खरं असेल, तर त्या दिवशी तांब्या उचलणारं कुणीतरी होतं.

मधल्या खोलीच्या दारावर पडदा होता. तो हलत नव्हता. नंदिनी त्याच्यासमोर उभी राहिली. आईला शेवटी पाणी दिलं का, एवढा एक प्रश्न विचारावा, म्हणून तिनं तोंड उघडलं. पण कोणत्या बोलीत विचारावं तेच तिला कळेना. पुण्याची भाषा तिच्या तोंडात परक्याच्या घरच्या पेल्यासारखी वाटू लागली, आणि दुसरी यायची नाही.

ती तशीच माघारी वळली. बाहेर नळाखालची माती ओली होती.

६

रविवारी सकाळी दहाला माणसं जमली. समोरच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि थोडं खाली आईचा फोटो. बायका पांढऱ्या साड्यांत. मेणबत्त्या उन्हाच्या झळीनं वाकत होत्या.

प्रेमानंद गुरुजी सत्तरीचे, जाड चष्म्याचे. त्यांनी परातीत एक वाटी ठेवली आणि पाण्यानं भरलेला तांब्या नंदिनीच्या हाती दिला. "बारीक धार धर बेटा. मी म्हणतो तोवर तुटू द्यायची नाई. वाटी भरन, मंग उतू जाईन. जाऊ द्यायची." मग मान वर न करता ते म्हणाले, "घरच्या लोकायनं हात लावा."

हा रिवाज तिला माहीत होता. धार धरणाऱ्याच्या कोपराला घरातल्या दुसऱ्यानं हात लावायचा, त्याला तिसऱ्यानं. सगळ्या घरानं मिळून पाणी द्यायचं. बाबांच्या वेळी आईच्या कोपराला तिनं हात लावला होता. आज घरचं कुणीच नव्हतं. शोभाताईंनी पुढे होऊन तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. गुरुजींनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली.

नंदिनीनं तांब्या कलता केला. पाण्याची धार वाटीत पडू लागली. आधी जाड आवाज, मग चढत चढत बारीक. तिचा हात कापू लागला. आता तुटणार, असं वाटलं तेवढ्यात उजव्या कोपराखाली कुणीतरी आधार दिला.

थंड हात होता. ओला.

तिनं मान वळवली नाही. खाली परातीत पाहिलं. उतू जाणाऱ्या पाण्यात तिचा हात दिसत होता, तांब्या धरलेला, आणि त्याच्या कोपराखाली दुसरा. त्या हाताची करंगळी वाकडी होती. नंदिनीची करंगळी सातव्या वर्षी फाटकाच्या बिजागरीत सापडून वाकडी झाली होती, अगदी तशीच. पण हा हात जास्त म्हातारा होता. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या, बोटांना भेगा होत्या. रोज कूलर भरून, भांडी घासून, म्हाताऱ्या माणसाचे कपडे पिळून हात होतो तसा.

मनगटावर चार ताजे ओरखडे होते. बारीक, अर्धगोल. कळ आल्यावर कुणीतरी त्या मनगटाला गच्च धरलं असावं.

धार सरली. पाण्यावरची थरथर थांबली तेव्हा परातीत एकच हात होता.

"धार चांगली धरली बेटा," गुरुजी म्हणाले. "कोणाकोणाची तुटते."

शोभाताईंचा हात अजून तिच्या डाव्या खांद्यावर होता. उजवीकडे भिंत होती. नंदिनीचं कोपर ओलं होतं. त्या उन्हातही ते बराच वेळ वाळलं नाही.

७

पुण्याची गाडी संध्याकाळची होती. नंदिनीनं भांडी पालथी घातली, कूलर बंद केला, टाकीचं बूच काढून पाणी वाहून जाऊ दिलं. दोन्ही चटया गुंडाळायला ती वाकली, आणि तशाच राहू दिल्या.

"घर इकतं काय आता?" किल्ली घेताना शोभाताईंनी विचारलं.

"नाही माहीत."

"काही घाई नाई." शोभाताईंनी बंद दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "नंदा, मले एक सांग. कांताबाईले तरास तं नाई न झाला जास्त?"

नंदिनीनं स्वतःच्या मनगटावरून बोट फिरवलं. "झाला असेल. पण हात धरायला कुणीतरी होतं."

शोभाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या आत गेल्या.

दिवे लागायची वेळ झाली होती. ऑटो फाटकाशी थांबला होता, बॅग आत ठेवलेली होती. नंदिनी एक पाय आत टाकणार तोच तिला तो आवाज ऐकू आला. बंद घराच्या मागून. बुचाशिवायच्या टाकीत पाणी पडत होतं. जाड, मग थोडं चढतं, मग आणखी चढतं. मग नळ बंद झाला.

आणि मग घरात वंदना सुरू झाली.

पहिली ओळ. सावकाश, एकेक शब्द सुटा. आईच्या पद्धतीनं. पण आवाज आईचा नव्हता. तो तिचा स्वतःचा होता, तीस वर्षांपूर्वी इथं राहिलेला, आता घोगरा झालेला. ओळ संपली. त्यापुढे थोडी जागा सोडलेली होती, कुणीतरी मागून म्हणायची तेवढी. ती रिकामीच गेली.

पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच जागा.

नंदिनीच्या लक्षात आलं. जिनं सगळी वर्षं मागून म्हटलं होतं, तिला आज पुढे होऊन म्हणावं लागत होतं. कारण आई नव्हती. आणि मागून म्हणायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तिनं फाटकाच्या गजावर हात ठेवला. लोखंड अजून तापलेलं होतं. खिडकीच्या काचेआड पडद्याची कड एका बोटानं बाजूला सारलेली दिसली. वाकडं बोट. त्यामागे काही होतं की नाही, ते तिनं पाहिलं नाही. मान खाली घातली.

"मॅडम, बसा न," ऑटोवाला म्हणाला. "गाडी सुटन तुमची."

आत तिसऱ्यांदा ओळ सुरू झाली. ती पुरी व्हायच्या आधीच नंदिनीच्या तोंडून मागची ओळ निघाली. घाईघाईनं, लहानपणच्या खोडीनं, एकही शब्द न चुकता. आतला आवाज क्षणभर अडखळला. मग पुढच्या ओळीला लागला.

"मॅडम?"

नंदिनीनं त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"थांब गा जराक," ती म्हणाली. "घरी वंदना चालू हाये."